शेवटून वाच

साठे बाईंच्या वर्गात धडा शेवटून वाचावा लागे. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, असं करत पहिल्या शब्दापर्यंत. "पीछे से पढ़, बेटा," एवढंच त्या म्हणत, आणि तोवर पोपटासारखं घडाघडा बोलणारं पोर गप्प होई. दिल्लीतल्या आमच्या शाळेत त्या हिंदी शिकवत, मी गणित. मराठी अशा आम्ही दोघीच, त्यामुळे वैतागायला आम्हाला एक खासगी भाषा होती.

शाळेचा निकाल दरवर्षी उत्तम लागे. तो कसा लागतो, हे विचारणं असभ्यपणाचं मानलं जाई. पाहुणे आले की प्रिन्सिपलसाहेब एखाद्या मुलीला उभी करत. ती पुस्तक समोर धरून अख्खा धडा म्हणे, पाहुणे समोसे खात. "पाठ थोपटायला सगळे हजर गं," बाई माझ्या कानात म्हणत, "पाठ आहे की वाचतेय, हे बघायला कुणाला टाइम नाही." साहेबांनी त्यांना पुष्कळदा समजावलं, "मॅडम, पॉझिटिव्ह रहिए." बाई पॉझिटिव्ह राहून उलटं वाचून घेत राहिल्या.

बाईंच्या निवृत्तीच्या समारंभात फ्रेम केलेलं मानपत्र वाचायला रिंकी उभी राहिली. नुकतीच बारावी पास झालेली, बाईंच्या वर्गात कधीच नसलेली, आवाज खणखणीत. एका शब्दावरही अडखळली नाही. टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, "अच्छा बोली. अब आख़िरी लाइन पीछे से पढ़."

रिंकीने फ्रेमकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "मॅडम, उलटा तो याद नहीं कराया."

सभागृह हसलं. रिंकीचे डोळे मात्र भरून आले, आणि मला पहिल्यांदाच बाईंचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुखरे गुडघे घेऊन बाई रिंकीच्या घरचे तीन जिने चढल्या आणि तिच्या आईला गळ घालून आल्या. तेव्हापासून रिंकी रोज संध्याकाळी त्यांच्या करोल बागेतल्या घरी येऊ लागली. "बाई, निरोप झाला ना तुमचा?" मी विचारलं. "निरोप त्यांनी दिला गं. मी घेतला कुठे?"

थंडीत मी चहाला गेले, तर भिंतीवरचं मानपत्र रिंकीच्या मांडीवर होतं. अक्षरांवर बोट ठेवत ती ते वाचत होती, आधी शेवटून, मग सरळ. मध्येच थांबली. "मॅडम, आप सीटी बजाती थीं? मैदान में?"

मी फ्रेम हातात घेतली. आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या पीटीच्या सरांचं मानपत्र होतं ते. वरचं नाव तेवढं बदललेलं. आमच्या गुडघेदुख्या बाईंनी कबड्डीच्या संघात प्राण फुंकले होते, आणि त्यावर आम्ही समस्त शिक्षकवर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.

"ये तो मैंने ही बोला था," रिंकी हळूच म्हणाली. "तब पता ही नहीं था क्या बोल रही हूँ."

बाईंनी फ्रेम पुन्हा खिळ्याला अडकवली, सरळ केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता घेते निरोप."