देवधर काका पीत नाहीत!

लोकांची लाळ गोळा करायची नोकरी असली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमची ह्यूस्टनची लॅब एका दुर्मिळ डायबिटीसवर काम करते. त्यात आधी स्वादुपिंडात खडे होतात, पोट भयंकर दुखतं, माणूस वाळत जातो आणि मग शुगर वाढते. काहींच्या जीन्समध्येच हा धोका असतो. ते शोधायला आम्हाला भारतीयांची लाळ लागते, आजाऱ्यांची आणि धडधाकटांचीही. आणि ही माणसं राहतात ह्यूस्टनच्या उपनगरात, शुगर लँडमध्ये! हा विनोद मला आजवर प्रत्येकाने ऐकवलाय.

आमचे पहिले पेशंट देवधर काका. वय बासष्ट, रिटायर्ड इंजिनिअर, वजन माझ्याहून कमी.

\*

स्वादुपिंडात खडे म्हटले की डॉक्टरांना आधी दारू आठवते. काकांना इमर्जन्सीत नेलं तेव्हा नर्सने विचारलं, "दिवसाला किती ड्रिंक्स?"

"झिरो."

"इट्स ओके सर, खरं सांगा."

काका दुखण्याने दुमडले होते, तरी बोट उगारून म्हणाले, "झिरो! लिहा!"

तिने लिहिलं, 'पेशंट डिनाइज अल्कोहोल.' पेशंट नाही म्हणतो! काकांनी तो कागद जपून ठेवलाय. "हे वाक्य खोडल्याशिवाय मी मरत नाही," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं.

\*

मंडळाच्या गणपतीत आम्ही सॅम्पल्स घ्यायला टेबल मांडलं. अट एकच, आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. एक काकू म्हणाल्या, "मग गणपतीला आलो कशाला?" दिवसभरात सॅम्पल्स मिळाली दोन!

पुढच्या वर्षी काकांनी सूत्रं हाती घेतली. टेबल हॉलबाहेर, किचनच्या खिडकीखाली. आत बटाटेवडे तळले जात होते आणि जेवणाची लाइन अजून सुरू व्हायची होती. टेक्सासच्या उन्हात काका छत्री धरून उभे. "या, या! वास घ्या आणि ट्यूब भरा!"

किट्स संपली यार!

\*

काकांची आई त्यांच्याकडेच असते. आजी शहाऐंशीच्या, नजर एकदम कडक.

मी एकदा त्यांच्या घरी बसले होते. काका कुठल्याशा पार्टीहून आले, बूट काढले, सरळ आजींपुढे वाकले आणि "हाऽऽ" केलं. आजींनी तोंडाचा वास घेतला.

"जा, हात धू."

काका म्हणाले, "वडील गेले तेव्हापासून रोज. मी सोळाचा होतो. मध्ये वेगळा राहायचो, तेवढीच सुट्टी!"

\*

त्याच दिवशी मी फॅमिली हिस्टरी लिहून घेत होते. आजींना विचारलं, "आजोबा कशाने गेले?"

"पिऊन."

"काय काय त्रास होता त्यांना?"

"पोट दुखायचं. वाळत गेले. डॉक्टर म्हणाले, दारू सोडा. हे म्हणायचे, मी घेतच नाही. सगळे पिणारे असंच म्हणतात." मग काकांकडे बघून म्हणाल्या, "याला खडे निघाले तेव्हा म्हटलं, गेला हाही बापाच्या वळणावर."

घरात सगळ्यांचे फोटो होते. आजोबांचा नव्हता. मला ते फार लागलं, पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

\*

आमच्या रिसर्चचे रिझल्ट्स पेशंटला देत नाहीत. काकांनी ऐकून घेतलं आणि क्लिनिकमध्ये जाऊन स्वतःची आणि आजींची टेस्ट वेगळी करून घेतली. "कागद पाहिजे!"

जेनेटिक काउन्सेलर व्हिडिओ कॉलवर आली. आजींना समजावं म्हणून काकांनी मला शेजारी बसवलं. ती काकांना म्हणाली, तुमच्या एका जीनमध्ये बदल आहे, त्याने हे खडे व्हायचा धोका वाढतो. दारूचा थेंब न घेताही हे होऊ शकतं.

काका ताडकन उभे राहिले. "आई, ऐकलंस?"

ती पुढे म्हणाली, आईंमध्ये हा बदल नाही. म्हणजे तो बहुतेक वडिलांकडून आलाय.

मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं.

"काही प्रश्न?" काउन्सेलरने विचारलं.

आजींनी माझी बाही ओढली.

"तिला विचार गं... मग ह्यांनीही कधी घेतली नव्हती का?"