घर आपलंच हाय, कवाबी या

आईनं दिलेला चटणीचा डबा एसटीत विसरून मी संसाराला सुरुवात केली.

नवं लग्न होतं. मी सुमनला घेऊन कोइमतूरला निघालो होतो. वडूजच्या स्टँडवर आई पोचवायला आली होती. पत्र्याचा डबा, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आत वर्षाची कांदा-लसणाची चटणी. एसटीच्या खिडकीतून तो माझ्या हातात देताना आई एवढंच म्हणाली, "उतरताना आदी डबा घे, मग पोरीला उतरीव." रडारड वगैरे आमच्यात नसते. सगळी माया अशी सूचनांतून निघते.

मिरजेला रेल्वे पकडायची होती. मी नवा नवरा. आधी सुमनला हात देऊन उतरवलं, मग ट्रंक, मग वळकटी. चार लोकांनी बघावं एवढ्या ऐटीत हे सगळं केलं. डबा सीटखाली तसाच राहिला आणि एसटी आगारात निघून गेली. रेल्वे सुटून मिरज मागं पडेपर्यंत सुमन काही बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत्यांनी आदी डबा म्हटलं हुतं." आत्या म्हणजे माझी आई. लग्नानंतर माझ्याशी तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढच्या सगळ्या वाक्यांचा सूर त्यातच लागला होता, हे मला उशिरा कळलं.

तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना आणि जे आमच्यासारखे बाहेर पडले त्यांनाही हे वेगळं सांगायला नको, की आपल्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईला कुठंकुठं गेलीत. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी घ्यायचं, भट्टीत वितळवायचं, शुद्ध करून परत द्यायचं. ज्या घरात पावसाचा भरवसा नाही त्या घरातला एक तरी माणूस कुठल्यातरी शहरात भट्टीपुढं बसलेला असतो. मी कोइमतूरच्या सराफ गल्लीच्या मागं बसलो. तिथं मला 'सेट' म्हणतात. गावात मला संपा म्हणतात. मधलं 'संपतराव' कुणी कधी म्हटलंच नाही.

पहिलं वर्ष चटणीविना गेलं. सुमन सांबार शिकली, मी 'बरं बरं'च्या जागी 'सरी सरी' म्हणायला शिकलो. मग गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांबरोबर आईचा डबा यायला लागला. डबा घेऊन येणारा सांगायचा की तुमच्या आईनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि मलाही एक पुडी बांधून दिली. आईचा नियमच तसा. दाराशी आलेल्या माणसाला घोटभर पाणी, कोरभर भाकरी, आणि जाताना हातात काहीतरी. मोकळ्या हातानं माणूस माघारी गेला तर घर मोकळं होतं, असं ती म्हणायची. लहानपणी मला हा नियम फार महाग वाटायचा, कारण हातात द्यायला जे असायचं ते बहुतेक वेळा माझ्या वाटणीचं असायचं.

आता भट्टीचं काम मशिनं करतात. सराफ परस्पर मोठ्या कारखान्यात माल पाठवतात. माझ्या भट्टीपुढं आता मी बसतो ते सवयीनं. सुमननं हे माझ्या आधी ओळखलं. तिनं ब्याडगी मिरची मागवली, गच्चीवर वाळवली, ओळखीच्या गिरणीवाल्या अक्कांना पटवून कांडून घेतली आणि पाकिटं भरली. म्हणाली, "भट्टी इझली तर इझू दे. चूल हाय की." चटणी चालली तर कोइमतूरात राहायचं. नाही चालली तर काय, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

पाकिटं विकायचं खातं माझ्याकडं आलं. मी मोबाईलवर एका गृहस्थाचा फुकट क्लास लावला. कडक इस्त्रीचा कोट घालून तो सांगायचा की गिऱ्हाईक आपोआप येत नसतं, सोशल मीडियावरून ते ओढून आणावं लागतं. जो अजून गिऱ्हाईक झालेला नाही पण होऊ शकतो, त्याला तो 'लीड' म्हणायचा. लीडला गोष्ट सांगा, लीडला आपलंसं करा, लीडला आपण घरचे वाटलो पाहिजे. मी पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं सगळं ऐकत होतो. सुमन लसूण सोलत म्हणाली, "आमच्याकडं अशा माणसाला पावणा म्हंत्यात." मी तिला सांगितलं की हे धंद्याचं शास्त्र आहे, मधे बोलू नको.

पहिला फोटो टाकला तो पाकिटाचा. शेजारच्या अण्णांना मराठी येत नाही. त्यांनी ती कुंकवाची जाहिरात समजून भक्तिभावानं हात जोडलेली खूण पाठवली. बाकी सगळं शांत. मग मी रील केली. गच्चीवर विटांची चूल मांडली, डोक्याला टोपी घातली आणि कॅमेऱ्याकडं बघत म्हणालो, "नमस्कार मंडळी, आज आपण आलोय आपल्या खटावच्या मातीत." लगेच आपल्याच एका माणसानं खाली लिहिलं, "दाजी, खटावात नारळ कवापासनं?" माझ्या मागं शेजाऱ्यांचा नारळ झोकात डोलत होता. त्या प्रश्नाला जेवढे हसरे चेहरे आले तेवढे माझ्या चटणीला आजवर आले नव्हते.

मग मी एक भलताच उद्योग केला. मागच्या भेटीत काढलेला आमच्या गावच्या घराचा फोटो शोधला. अंगणात निंबाची सावली, उंबऱ्यावर बसलेली आई, बाजूला वाळत घातलेली मिरची. तो टाकला आणि लिहिलं: थेट आमच्या गावच्या घरातून, आईच्या हातची चटणी. शेवटी जरा लय जमावी म्हणून जोडलं: घर आपलंच हाय, कवाबी या. खाली गावातल्या घराची खूण नकाशावर लावून दिली. क्लासमधल्या गृहस्थानं सांगितलं होतं, पत्ता दिसला की विश्वास बसतो.

सुमननं वाचलं. "चटणी मी करते, हितं. आत्या कुठनं आल्या?"

मी म्हटलं, कोइमतूरची चटणी म्हटलं तर सातारा-सांगलीचा माणूस घेईल का? जाहिरातीत एवढं चालतं.

तो फोटो मात्र धावला. गलाईवाल्यांच्या ग्रुपांवरून फिरत दिल्ली, कानपूर, कुठंकुठं गेला. फौजेतली पोरं लिहायला लागली, "आईची आठवण आली." माझ्या आईला त्यांच्यातलं कुणी ओळखत नव्हतं. ऑर्डरी यायला लागल्या. मी सुमनसमोरून दोनतीनदा उगीचच मोबाईल घेऊन फिरलो.

मग आईचा फोन आला. भाऊ फौजेत, त्याचं बिऱ्हाड त्याच्याबरोबर, त्यामुळं आई घरात एकटीच असते. ती म्हणाली, "संपा, तुजं पावणं लय यायला लागल्यात रं. वळख पटना, पर समदी तुजं नाव घेत्यात."

एक सुट्टीवर आलेला जवान उंब्रजहून बायकोला घेऊन आला होता. महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला भाडं सोडून परत जाताना वाट वाकडी करून आला होता. वडूजचे एक मास्तर तर कुटुंबासकट आले होते. आपल्याकडं 'कवाबी या' म्हटलं की माणसं येतात, हे मी इतकी वर्षं बाहेर राहून विसरलो होतो. आणि 'घर आपलंच हाय' म्हणून आलेल्याला आईनं घरचंच धरलं. चहा, भाकरी, आणि जाताना चटणी. ती आपल्या वर्षाच्या डब्यातून देत होती. मी घाबरून विचारलं, पैसे घेतलेस का? मग ती म्हणाली, "पावण्याकडनं पैसं? कोइमतूरात घेत्यात व्हय?"

आलेली माणसं आईबरोबर फोटो काढायची, ते टाकायची आणि खाली चटणीचं कौतुक लिहायची. ते वाचून आणखी माणसं यायची. तीच माणसं मग आमच्याकडून पाकीट मागवायची. इथपर्यंत मी स्वतःला हुशार समजत होतो. मग त्या उंब्रजच्या जवानानं लिहिलं: "घरी खाल्ली ती वेगळी होती. ही ती नव्हं." त्याच्याखाली आणखी दोघांनी तसंच लिहिलं.

सुमननं ते वाचलं, मोबाईल पालथा ठेवला आणि त्या दिवशी एकही पाकीट भरलं नाही. मी काहीबाही समजूत घालायला गेलो. ती म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? तुमी आत्यांच्या हातची सांगितली, मी माज्या हातची धाडली." मी क्लास पुन्हा लावून बघितला; त्यात हा धडा नव्हता.

उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो. मला दोन कामं होती: आईची माफी मागायची आणि तिच्यासमोर नकाशावरची खूण आणि ती ओळ काढून टाकायची. आईचा डबा रिकामा झालाय, ती दमली असेल, चिडली असेल, असं धरूनच मी अंगणात पाय ठेवला. तर निंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. घरात नव्या कपबशा. आईनं दुपारचीच वेणी घातलेली आणि घडीचं लुगडं नेसलेलं. मी म्हटलं, कुठं लग्नाला निघालीस काय? ती म्हणाली, "कोण कवा यील, काय सांगावं?"

रात्री जेवताना मी विषय काढला. चुकलंच माझं, आता ती जाहिरात काढून टाकतो, तुला त्रास नको. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "काडू नगंस."

मी म्हटलं, अगं पण त्रास होतो तुला.

"तरास कसला? तू वरसातनं चार दिस येतूस, त्यातलं दोन झोपतूस. ही माणसं तुज्या नावानं येत्यात, बसत्यात, माज्या गुडघ्याचं इचारत्यात. त्या उंब्रजच्या पोराला तर किल्लीचा कोनाडाबी ठावं हाय; जाताना त्यानं पाया पडून 'येतो आई' म्हटलं. मला बरं वाटतं." मग तव्यावरची भाकरी उलटत सुमनकडं बघून म्हणाली, "आन् तुज्या चटणीला कोण नावं ठिवतंय, तू आणल्याली ती मी चाकलीया. माज्यापरास झणझणीत हाय. त्यांनी हितं गरम भाकरीसंगं खाल्ली. पाकिटात भाकरी कुठनं घालशील, पोरी?"

सुमन मान खाली घालून जेवत राहिली. बऱ्याच दिवसांनी ती भाकरीवर भाकरी घेत होती, एवढं मला दिसलं.

पुढचे दिवस दोघींनी मिरच्या वाळवल्या, देठं खुडली, कांदा तळला, खोबरं भाजलं आणि डंकावरून नवी चटणी कुटून आणली. मी ठसक्यानं खोकत अंगणात बसून होतो. दोन पावणे आले, त्यांना मीच चहा दिला. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पण आईंच्याकडं आलाय का?" मी 'हो' म्हटलं. खोटं नव्हतं ते.

त्या दुपारी मला कळलं ते असं. मी इतकी वर्षं 'आमचं घर' म्हणून जे सांगत आलो, त्या घराची किल्ली कुठल्या कोनाड्यात असते, हे आता उंब्रजच्या जवानाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कोइमतूरात मी गावचा, गावात मी कोइमतूरचा, आणि मोबाईलवर मी दोन्हीकडचा, हे आजवर फायद्याचं वाटत होतं. बाहेर पडलेल्या माणसाचं घर एका फोटोत मावतं. मागं राहिलेल्या माणसाला तेच घर रोज झाडावं लागतं, आणि आपण बोलावलेल्या माणसांना भाकरीही थापावी लागते. तुम्ही जे तिथं राहिलात, त्यांच्या जिवावर आम्ही 'या' म्हणतो.

परतताना पुन्हा वडूजचा स्टँड. आईनं खिडकीतून डबा दिला. माझ्या हातात नाही, सुमनच्या. एसटी निघाली, आई वळली, झपाझपा चालायला लागली. घरी कुणी आलं असेल तर, म्हणून.

मायणीच्या पुढं मी मोबाईल काढला. आई काहीही म्हणो, खोटं ते खोटं. ती ओळ खोडायची आणि पत्ता कोइमतूरचा घालायचा, असं ठरवून मी ते पान उघडलं. सुमन डबा मांडीवर धरून बघत होती.

"काय करताय?"

"पत्ता बदलतोय. खरा घालतो."

ती बाहेरच्या माळाकडं बघायला लागली. एवढ्या वर्षांपूर्वी रेल्वेच्या खिडकीतूनही ती अशीच बघत बसली होती. मग डब्याचं फडकं नीट करत म्हणाली, "पत्ता हाय तसाच ऱ्हाऊ द्या. कोइमतूरचं आवरू आन् आपुनच तितं ऱ्हायला जाऊ, म्हंजी खरा हुईल. आन् मिरजेला उतरताना आदी मला डबा घेऊन उतरू द्या, मग तुमी उतरा."