खिडकीतून दिलेलं पाणी

आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत दिवसा दार लावायची रीत नाही. लावलेलं दिसलं की शेजारीण विचारणारच, "गावाला गेला होता का?" आणि दारात कुणीही येवो, आधी पाणी, मग काय काम ते विचारायचं.

मी शहाद्याला शाळेत शिकवते, यजमान कारखान्यात. सासूबाई प्रकाशा गावी नणंदेकडे गेल्या की आमची चौथीतली मुलगी दुपारी घरी एकटी असते. तिला मी बजावलं होतं, "आम्ही नसताना कडी काढायची नाही. ओळखीच्यालासुद्धा नाही." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पाव्हनाले पानी बी नही देवानं का?" मग तडजोड झाली. पाणी द्यायचं, पण खिडकीच्या गजांतून.

एकदा सासूबाई प्रकाशाला होत्या, आणि यजमानांचा मावसभाऊ दुपारी येऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन. "तुन्ही पोरनी माले खिडकीमाईन पानी दिधं!" यजमानांना भलतंच लागलं. जेवताना ते मुलीला म्हणाले, "घरचा माणूस तो. उद्या त्याच्या पाया पड आणि माफी माग."

माझं डोकंच फिरलं. एकदा का तिने माफी मागितली, की पुन्हा ती कुणाला दाराबाहेर ठेवायची नाही, आणि मी सांगितलेलं सगळं पाण्यात जाणार.

"अहो, आधी तिला विचारा तरी काय झालं ते," मी म्हणाले.

ती ताटाकडे बघत म्हणाली, "काका म्हणाले, पाणी नको, दार उघड. मी म्हटलं, आईला फोन लावते. तर म्हणाले, आईला कशाला सांगतेस, आपली गंमत आहे. मी फोन लावायला गेले तेवढ्यात ते निघून गेले."

यजमान हात धुवून आले आणि तिच्यासमोरच त्यांनी मावसभावाला फोन लावला. आवाज चढवला नाही. "आम्ही घर नसूत तवय मन्हा दारवर येवानं नही," म्हणाले आणि ठेवून दिला. मला हायसं वाटलं.

मग मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही एकटे आलात तर उघडू ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उघड," मी म्हणाले.