दोन बोटं जादा

आत्याच्या शिलाईच्या दुकानात बसून मी परीक्षेसाठी इंग्रजी शब्द घोकत होते: नोझी, बॉसी, मेडलसम. तिन्हींतला फरक काही डोक्यात शिरेना.

"सगळे एकजात आगाऊ!" मी वही आपटली.

"आगाऊ तू," आत्या कडाडली. "नीट वाच."

"नोझी नसत्या चौकशा करतो, बॉसी हुकूम सोडतो आणि मेडलसम न विचारता दुसऱ्याच्या कामात लुडबुडतो."

तेवढ्यात एक बाई रडवेली होऊन आली. गेल्या वर्षी आत्याने शिवलेला ड्रेस तिला होत नव्हता.

"हल्ली खातेस तरी काय? सरळ उभी राहा!" म्हणत आत्याने शिवण उसवली. आत तिने न सांगताच दोन बोटं जादा कापड ठेवलं होतं. बाई हरखून तिच्या गळ्यातच पडली.

आत्या माझ्याकडे वळली. "झाले ना तिन्ही पाठ? मग ऊठ, चहा टाक!"