बंदूक की मिरचीचा फवारा

मी सुभेदाराची लेक. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि मुलगी म्हणून बाबांनी मला कधी वगळलं नाही. बाराव्या वर्षी हातात छऱ्याची बंदूक दिली आणि म्हणाले, "श्वास सोड, मग चाप ओढ." तेव्हापासून आपला नेम चुकत नाही, हे मी कुणी न विचारताही सांगत असे.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी हॅनोव्हरला खडकांवर पीएचडी करत होते. नमुने आणायला मला आणि माझ्या एका जर्मन सहकाऱ्याला उन्हाळ्यात सहा आठवडे कॅनडाच्या डोंगरात जायचं होतं. तिथं अस्वलं. प्रोफेसरांनी सरळ सांगितलं, "बंदूक घ्या नाहीतर अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे घ्या. पण जे घ्याल ते धावून येणाऱ्या अस्वलावर चालवता येतं, हे आधी मला इथं दाखवा. जमलं नाही तर लॅबमध्ये बसा, दगड दुसरं कुणी आणेल." माझा सगळा प्रबंध त्या डोंगरावर उभा होता. दुसऱ्यानं उचललेल्या दगडांवर मी काय लिहिणार, कपाळ?

सहकारी शिकाऱ्याचा मुलगा, सव्वासहा फूट उंच. मी जेमतेम पाच. तो शांतपणे म्हणाला, "आल्झो, तर मग बंदूक मी घेतो, स्प्रे तू घे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? मी काय तिकडे डास मारायला येतेय?"

त्याच्या वडिलांच्या गावी नेमबाजीचा क्लब होता. तिथं शनिवारी मी पाचातल्या चार गोळ्या मधोमध मारल्या. म्हातारे सभासद कॉफीचे कप ठेवून बघायला आले. घरी येऊन साताऱ्याला फोन लावला, तर बाबा म्हणाले, "शाब्बास गं वाघिणी! बंदूकच घे. फवारे मारायला आपण काय कपाशीवर निघालोय?"

पुढच्या शनिवारी प्रोफेसर आले. क्लबवाल्यांनी अस्वलाएवढी फळी चाकांवर बसवली होती. ती दोरीनं वेगात आमच्या दिशेनं ओढायची आणि आमच्यापाशी पोचण्याआधी आम्ही गोळी मारायची. शिट्टी वाजली. बंदूक खांद्याला लावेपर्यंत फळी निम्म्यावर आली होती. मी श्वास सोडला, चाप ओढला, गोळी मातीत. दुसऱ्यांदाही मातीत. तिसऱ्यांदा तर गोळी सुटलीच नाही, फळी आधीच येऊन थांबली. शिकाऱ्याच्या मुलाचंही तेच झालं. कागदावरचा गोल जागचा हलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

राहिला स्प्रे. क्लबमागच्या मोकळ्या माळावर प्रोफेसर वाऱ्याबद्दल काहीतरी समजावत होते आणि मी मनात म्हणत होते, अहो, आम्ही ठेच्यावर वाढलेली माणसं, आम्हाला मिरची काय शिकवता? डबा हातात घेतला आणि धडाक्यात दाबला. वारा समोरून. आख्खा ढग माझ्याच तोंडावर आला. आई गं! डोळे मिटले ते उघडेचनात, नाक वाहतंय, श्वास घेतला की खोकला. सहकाऱ्यानं हाताला धरून नळाखाली नेलं. हसला नाही बिचारा. प्रोफेसर हळूच म्हणाले, "कदाचित लॅबच बरी." मी नळाखालूनच ओरडले, "एक आठवडा द्या!"

त्यांनी दिला. त्या आठवड्यात मी कमरेच्या पट्ट्याला रिकामा डबा लावून फिरले. स्वयंपाकघरात, जिन्यात, कपडे वाळत घालताना, दिसेल त्या भिंतीवर डबा उपसायचा. बाहेर पाऊल टाकलं की आधी चिमूटभर गवत उडवून वारा कुठला ते बघायचं. संध्याकाळी सहकारी सायकलला फळी बांधून माझ्या अंगावर यायचा आणि मी सरावाचा, बिनमिरचीचा फवारा मारायचे. मग तो डबा घ्यायचा आणि सायकल मी दामटायचे.

शनिवारी शिट्टी वाजली तेव्हा मी दोन पावलं बाजूला सरकून वारा पाठीशी घेतला होता. फळी सुटली. माझा हात कमरेवरून पुढे आला आणि फळीसमोर धुक्याची भिंत उभी राहिली. फळी सरळ त्या भिंतीत शिरली. तीनदा केलं, तीनदा जमलं. प्रोफेसर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर." सहकाऱ्यानंही आपल्यासाठी स्प्रेच मागितला. मोहिमेच्या यादीत सुरक्षेची जबाबदारी कुणाची, त्या रकान्यात प्रोफेसरांनी माझं नाव घातलं. छाती अशी फुगली म्हणून सांगू!

आता बाबांना सांगायचं होतं. रविवारी फोन हातात घेऊन मी बराच वेळ नुसती बसले. वाघिणीनं बंदूक खाली ठेवली, हे कोणत्या तोंडानं सांगू? शेवटी सगळं एका दमात सांगून टाकलं. गोळ्या मातीत गेल्या तेही, माझ्याच तोंडावर फवारा आला तेही.

बाबा म्हणाले, "पोरी, चोवीस वर्षं बंदूक वागवली मी. माझ्या साहेबांनी पाठीवर हात ठेवला तो एकदाच, एकही गोळी न झाडता तुकडीतली सगळी पोरं डोंगरावरच्या चौकीतून सुखरूप खाली घेऊन आलो तेव्हा. त्याचं पदक नसतं, म्हणून तुला कधी सांगितलं नाही."

आणि लगेच त्यांनी फोन तसाच धरून स्वयंपाकघराकडे हाक मारली. फौजी आवाज, निम्म्या गावाला ऐकू गेला असेल. "अगं ए, ऐकलंस का? आपली पोरगी अस्वलांच्या रानात निघालीय, आणि तीही बंदूक न घेता!"