दोन बोटं

नायक यूसुफ शेख आणि मी एकाच सेक्शनमध्ये होतो. मी हवालदार, सेक्शन कमांडर. तो माझ्या एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर. दोघंही राळेगावचे, त्यामुळे ड्युटी संपली की आपल्या बोलीत बोलायचो. बाकीचे जवान हसायचे.

आमची पोस्ट उत्तरेत, उंचावर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन मोर्चावर सज्ज, मग शस्त्रांची सफाई, मग पाणी आणायला खाली नाल्यापर्यंत. एके दिवशी पाणी घेऊन वर येणाऱ्या आमच्या पार्टीवर मॉर्टारचा मारा झाला. लान्स नायक गजाननच्या पोटात लागलं. मी रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी. सीरियस. ओव्हर."

"और कोई? ओव्हर."

मी यूसुफकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "कुछ नहीं, उस्ताद."

नर्सिंग असिस्टंटनं गजाननला मॉर्फिन टोचलं आणि त्याच्या कपाळावर इंग्रजी 'एम' लिहिला. पुढच्या डॉक्टरनं चुकून दुसरा डोस देऊ नये म्हणून तसं लिहितात. स्ट्रेचरचं डोक्याकडचं टोक यूसुफनं धरलं. सगळ्या उतारावर ते अक्षर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. खालची एड पोस्ट, म्हणजे प्रथमोपचाराचं ठाणं, यायच्या आधीच गजानन गेला. तिथं यूसुफनं जॅकेट काढलं तेव्हा कळलं, त्याच्या खांद्यातही मॉर्टारचं स्प्लिंटर होतं.

आम्ही दोघं पेन्शनीवर आल्यावर यूसुफ राळेगावात भावाच्या गॅरेजमध्ये बसायचा. दोन वर्षांपूर्वी जबड्यात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी आजार हाडात उतरला. बोलणं जवळजवळ बंद पडलं. त्याला आणि त्याची बायको जरीना हिला घेऊन मी यवतमाळच्या दवाखान्यात जायचो.

तिथल्या डॉक्टर मॅडम दर वेळी विचारायच्या, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?"

यूसुफ दोन बोटं दाखवायचा. दोन बोटांना साध्या गोळ्या मिळायच्या.

शेवटी मी मॅडमना बाजूला घेतलं. "याचं ऐकू नका मॅडम. ताप मोजता, शुगर मोजता. दुखणं मोजायची मशीन नाही का?"

"नाही. नाडी आणि बीपी सुरुवातीला वाढतात, पण दुखणं जुनं झालं की आकडे नॉर्मल दिसू शकतात. संशोधन चालू आहे. आज तरी पेशंट सांगेल तेच माप."

"आणि तो खोटं सांगत असला तर?"

"मग त्याच्याकडे बघत राहायचं. न विचारता."

त्या दिवशी ड्रेसिंग होईपर्यंत त्या खाटेच्या पायाशी उभ्या राहिल्या. यूसुफनं आवाज काढला नाही. पण पायाची बोटं आत वळली होती, मुठीत चादर होती, आणि सिस्टरनं पट्टी ओढली की श्वास थांबत होता.

"यूसुफभाई, मला हे आठच्या खाली दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "मॉर्फिनच्या गोळ्या सुरू करू."

त्यानं जोरात दोन बोटं वर केली.

जरीना म्हणाली, "घ्या ना जी. कायले सोसून राह्यले?"

यूसुफनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर बोटानं 'एम' काढला. त्या दोघींना काही कळलं नाही. मी त्यांना गजाननचं सांगितलं. मग यूसुफला म्हणालो, "गजा जखमेनं गेला रे. इंजेक्शननं नाही." मॅडमनीही समजावलं, की या गोळ्यांनी माणूस मरत नाही, नीट झोपतो, नीट जेवतो. त्यानं डोळे मिटून घेतले. शुद्धीवरच्या माणसाला जबरदस्ती करता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. आम्ही परत आलो.

उन्हाळाभर तो तसाच पडून होता. भिंतीकडे तोंड करून. विचारलं की दोन बोटं.

एका सकाळी जरीनाचा फोन आला. "भाऊ, लवकर या." आम्ही त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. वाटेतलं कळंब मागे पडल्यावर त्यानं माझी बाही ओढली आणि दोन्ही हातांची बोटं उघडली. सगळी.

दवाखान्यात मॅडमनी मॉर्फिन सुरू केलं. दुपारी त्याच्या कपाळावरची आठी गेली. मुठी सुटल्या. जरीनानं चमच्यानं चहा दिला तो त्यानं घेतला आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. त्या आजारात त्याला मिळालेली ती एक दुपार. तशा दुपारी त्याला आधीही मिळाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दफनानंतर जरीनानं मला विचारलं, "भाऊ, दोन नव्हतं ना ते? कधीच नव्हतं?"

"नाही, भाभी."

"मी बाजूलेच झोपत होती. मले काहून नाही दिसलं?"

 

बटालियनच्या स्मारकावर लढाईत गेलेल्यांची नावं आहेत. यूसुफचं तिथं येणार नाही, तो खाटेवर गेला. म्हणून इथं लिहितो. नायक यूसुफ शेख, राळेगाव. फार सोसून गेला.