अबू हमूरमधला रोकचा डाव

दोह्याच्या विमानतळावर माझी बॅग उघडली गेली ती चार लाकडी चेंडूंपायी.

"ये क्या है?" अधिकाऱ्याने विचारलं.

"रोक. ऑलिंपिक का खेल," मी छाती फुगवून सांगितलं. त्याने एक चेंडू कानाशी हलवून पाहिला आणि हसत परत केला. नाशिकच्या काताऱ्याकडून हे चेंडू करून आणायची आज्ञा माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची.

गाडीत बसल्यापासून दाजी सुरू झाले. रोक म्हणजे क्रोकेचा भाऊबंद. आखूड दांड्याच्या मोगरीने चेंडू टोलवून तारेच्या कमानींतून काढायचा. पण गवतावर नाही, कडक जमिनीवर. कडेच्या कठड्यावर आपटून चेंडू कॅरमच्या स्ट्रायकरसारखा परत येतो. शंभरेक वर्षांपूर्वी तो ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. तेव्हाचे सगळे खेळाडू एकाच देशाचे होते, हे मात्र दाजी घाईघाईत सांगतात.

दोह्यातल्या अबू हमूर वस्तीत, त्यांच्या कंपाउंडमध्ये, बंगल्यांच्या मधोमध ते मैदान होतं. ऑफिसातून आल्यावर हिवाळाभर दाजींनी स्वतः माती चोपली होती. आता घरमालक अबू खालिदना तिथे पार्किंग हवं होतं.

"शुक्रवारी त्यांच्याशीच मॅच आहे," ताई म्हणाली. "हे जिंकले तर मैदान राहील. नाहीतर घरात तोंड पाडून बसतील आणि मला छळतील."

शुक्रवारी दुपारी आधी नारळ. पाहुणा म्हणून मान माझा. कंपाउंडभर शोधून दगड मिळेना.

"इथेच फोड," दाजी ऐटीत म्हणाले. "सिमेंटच्या तोंडात मारेल अशी जमीन केलीय."

मी जोरात आपटला. नारळ फुटला, आणि मधल्या कमानीपुढे वाटीएवढा खळगा पडला. दाजींचा चेहरा पाहवेना. आम्ही वाळू भरून वरून थापटलं.

म्हातारे अबू खालिद शुभ्र थोब (पायघोळ अंगरखा) सावरत आले. कराक (दाट, दुधाळ चहा) संपवून म्हणाले, "तुम जीता, ग्राउंड तुमारा. हम जीता, खलास, पार्किंग. यल्ला, चलो!"

म्हातारबांनी मोगरी पहिल्यांदाच धरलेली. पहिला चेंडू कठड्यावरून उडून ताईच्या चपलेवर पडला. दाजी भराभर पुढे गेले. राहिली फक्त मधली कमान. त्यांनी अलगद टोला दिला. चेंडू गडगडत गेला आणि माझ्या खळग्यात बसला. दाजी तो बाहेर काढायला धडपडत राहिले, तोवर म्हातारबांना कठड्याची गंमत उमगली. एकेक कमान मागे टाकत तेही त्याच मधल्या, शेवटच्या कमानीशी पोचले. त्यांचा चेंडू कठड्यावर आपटला, तिरका वळला आणि खळगा चुकवून कमानीतून पार झाला!

अबू खालिद टाळ्या पिटत नाचले. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दाजींनी हात जोडले. "खलास, बाबा. आपका पार्किंग."

म्हातारबा मोगरी सोडेनात. मैदानाकडे पाहत म्हणाले, "पार्किंग? फिर हम किधर जीतेगा? गाडी रोड पे. नेक्स्ट जुम्मा, इन्शाल्ला!"

मी नाशिकला परतलो. तेव्हापासून दर शुक्रवारी दाजींचा फोन येतो. ऑफिसात कधी कुणापुढे माघार न घेतलेला हा माणूस आनंदाने सांगतो, "हरलो रे!" एखाद्या गोष्टीवर खरंच जीव असला की माणूस तिच्यापायी हरायलाही शिकतो, हे मला दाजींमुळे कळलं.

गेल्या शुक्रवारी आवाज दबका होता. "घोटाळा झाला. आज चुकून जिंकलो."

मी घाईघाईने विचारलं, "मग? मैदान गेलं?"

"मैदान कसलं जातंय! अंधार पडला तरी म्हातारबा प्रॅक्टिस करताहेत. आता जेवायलाही इथेच आहेत."